रूथबाईंची खिचडी

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. मुलींना नाही. सासूबाई गेल्या त्या दुपारी त्यांच्या उशाशी मी एकटीच बसले होते – तेव्हा तरी सांगायचं की नाही? पण नाही सांगितलं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या आपली गाठ पडायची नाही. आमच्या घरात अजूनही कुणी अंथरुणाला खिळलं की सगळे म्हणतात, आजीला खिचडी टाकायला सांगा, तिच्या हाताला गुण आहे. मी मुकाट्यानं उठते आणि डाळ भाजायला घेते.

माझं माहेर घाटावरच्या, दुष्काळी कर्जतकडचं. तिकडं ज्वारी-बाजरी. भात व्हायचा सणासुदीला, आणि तोही आईच्या हातचा. भाकरी मी अशी थापायची की बघणारी बघत राहावी! पण भात? आज कच्चा, उद्या खळ. लग्न होऊन देवळाली प्रवऱ्याला आले तेव्हा हे कुणाला कळू दिलं नाही. नवरा साखर कारखान्यावर कामाला, घरात मी आणि आत्याबाई – सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. आत्याबाई मोठ्या करड्या. मी त्यांना घाबरून असायची, आणि त्यांनी मला एकदा तरी चांगलं म्हणावं म्हणून झुरायची.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी उतरला, पण अन्नावरची वासनाच उडाली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, मऊ खिचडी द्या, दोन घास पोटात गेलेच पाहिजेत, नाहीतर बाई हाती लागायची नाही. मी केली. पहिल्या दिवशी करपली. दुसऱ्या दिवशी डाळ टचटचीत राहिली. आत्याबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं, आणि मला धडकी भरली.

परसात कमरेएवढी भिंत होती. पलीकडे रूथबाई राहायच्या – प्राथमिक शाळेत मास्तरीण, ख्रिस्ती, चाळिशीच्या, एकट्या. मी करपलेलं पातेलं घासत रडत होते, ते त्यांनी पाहिलं.

"द्या ते पातेलं इकडं," म्हणाल्या. "तांदूळ-डाळ बी तुमचीच द्या."

तुमचीच. त्यांना माहीत होतं ना! आत्याबाई ख्रिस्तावाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. मग मी मनाची समजूत घातली – तांदूळ आमचे, डाळ आमची, पातेलं आमचं. हात तेवढा त्यांचा.

रोज शाळेत जाण्याआधी त्या आपल्या परसातल्या चुलीवर खिचडी टाकायच्या. मूगडाळ कोरडीच भाजायची, तांदळाबरोबर धुवायची. लाल भोपळ्याच्या, म्हणजे आमच्या भाषेत डांगराच्या, बारीक फोडी. हळद, जिरं, बोटभर आलं, चमचाभर तूप. वर आधणाचं पाणी, आणि झाकण घालून चुलीच्या वैलावर, बाजूच्या मंद आचेला. "हलवायची न्हाई," त्या भिंतीपलीकडून सांगायच्या. "तिची ती व्हऊ द्यायची." मग पातेलं भिंतीवरून यायचं. मी ते पदराखाली झाकून आत न्यायची. डांगर पार विरघळलेलं असायचं, आणि सगळं घर तुपाच्या वासानं भरून जायचं. आत्याबाईंनी आधी दोन घास खाल्ले. मग चार. आठव्या दिवशी त्यांनी ताटली पुढं केली – आणखी वाढ म्हणून.

"कमळे, तुझ्या हाताला लई गुण हाय," म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!

तेव्हा बोलायला हवं होतं. भीतीनं तोंड उघडलं नाही, असं म्हणायला बरं वाटतं. पण खरं सांगू? मला ते फार गोड लागलं.

आत्याबाई उठून बसल्यावर रूथबाई भेटायला आल्या. त्या ओट्यावर बसल्या, आत बसायची रीत नव्हती. कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात मी त्यांना चहा दिला. आत्याबाई मोठ्या प्रेमानं म्हणाल्या, "बाई, आमच्या कमळीकडून खिचडी शिकून घ्या तुमी." रूथबाई म्हणाल्या, "शिकीन की." माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही – मला अवघडायला नको म्हणून. जाताना कप स्वतः विसळून पालथा घातला. आणि मी? मी त्यावर वरून पाणी ओतलं, मगच उचलला. कुणी सांगितलं नव्हतं. आत्याबाईंचं तर लक्षही नव्हतं. लक्ष होतं ते रूथबाईंचं.

तुम्हाला वाटेल, मनात सलतंय ते एवढंच. एवढंच असतं तर आत्याबाईंना कधीच सांगून मोकळी झाले असते.

दोन महिन्यांनी रूथबाईंनाच ताप आला. त्यांच्या चुलीचा धूर दिसेना. आत्याबाईंच्या ते ध्यानात आलं. म्हणाल्या, "एकटी बाई हाय. तुझी खिचडी नेऊन दे. जर्मनच्या पातेल्यात दे, माघारी नको आणू." लोक रेशनची लाल मिलो ज्वारी खात होते तेव्हा, आणि आत्याबाई तांदूळ काढून देत होत्या! त्यांच्या परीनं हे फार होतं.

मी खिचडी केली. भिंतीवरून बघून बघून शिकले होते, चांगली झाली होती. ते अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊन त्यांच्या मागच्या दाराशी गेले. दार उघडंच होतं. त्या बाजेवर पडल्या होत्या, पाठमोऱ्या. चाहूल लागली तशी क्षीण आवाजात म्हणाल्या, "कोण हाय?"

त्यांचीच खिचडी त्यांना द्यायची, आणि वर पातेलं परत नको म्हणायचं – कुठल्या तोंडानं? तशीच मागं फिरले. गल्लीच्या टोकाला एक बकरी बांधलेली असायची. खिचडी तिच्यापुढं ओतली, पातेलं तिथंच उकिरड्यावर टाकलं. घरी येऊन सांगितलं, "दिली. दोन घास खाल्ले त्यांनी."

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी पुन्हा तांदूळ काढून दिले, आणि आणखी एक जुनं जर्मनचं पातेलं. तिसऱ्या दिवशीही. तिन्ही दिवस मी तेच केलं, फक्त दारापर्यंत गेले ती पहिल्याच दिवशी. चौथ्या दिवशी रूथबाईंचा भाऊ आला आणि त्यांना एस.टी.त घालून गावी घेऊन गेला. ते तीन दिवस त्यांच्या पोटात काय गेलं असेल, मला माहीत नाही.

त्या वाचल्या. महिन्याभरानं बदलीचा कागद घेऊन सामान न्यायला आल्या. लुगड्यात नुसती हाडं उरली होती. निरोप घ्यायला ओट्यावर टेकल्या. आत्याबाईंनी विचारलं, "बाई, आमच्या कमळीची खिचडी गोड लागली का वो?"

मी उंबऱ्यात उभी होते. रूथबाईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"लई," त्या म्हणाल्या. "तिच्यावरच तर उठले मी."

आत्याबाई माझ्याकडं बघून हसल्या. मीही हसले.