जळक्या कांद्याचा बर्गर

कांदा जाळायचा म्हणजे तव्यावर टाकून विसरून जायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बर्गरवाल्या काकांच्या शेजारी उभं राहून बघावं. कांदा आधी गुलाबी होतो, मग सोनेरी. तो सोनेरी झाला की कुठल्याही शहाण्या माणसाचा हात आपोआप उलथन्याकडे जातो. काकांचाही जायचा. तो आवरून धरायचा, कडा काळ्या होईस्तोवर धूर नाकातोंडात घ्यायचा आणि मग तो कोळसा चांगल्या पॅटीवर पसरायचा. दिवसभर हेच. हाताला चांगलं जमत असताना मुद्दाम बिघडवायचं, यासारखी दमणूक दुसरी नाही. काका दमले होते आणि ते कुणाला सांगायचीही चोरी होती, कारण दुकानाबाहेर रांग होती.

एके काळी या दुकानात काकांचा स्वतःचा बर्गर मिळायचा. हाताने थापलेली पॅटी, आतून शेकलेला बन आणि लोण्यात मंद आचेवर गोड होईपर्यंत परतलेला कांदा. आसपासची माणसं यायची, खायची, तोंड पुसून कामाला जायची. त्याचे फोटो कुणी काढले नाहीत.

मग एका दुपारी सिनेमातला खलनायक दारात उभा राहिला. जवळपास कुठेतरी शूटिंग होतं आणि त्याला भूक लागली होती. पडद्यावर घरंदारं पेटवून देणारा हा बाबा समोर बघून काकूंचं भान हरपलं. काका तेव्हा मागच्या खोलीत बनचे खोके उघडत होते, तव्यावर काकू होत्या. कांद्याचा पार कोळसा झाला आणि तो तसाच पॅटीवर घालून काकूंनी बशी पुढे सरकवली. काका बाहेर आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. पण खलनायकाने घास घेतला, काकूंकडे बघितलं, सावकाश चावला आणि म्हणाला, "वहिनी, या कांद्यासाठी पुन्हा यावं लागणार." वर अस्साच आणखी एक मागवला! कुणीतरी फोटो काढला, तो वर्तमानपत्रात आला. आता तो भिंतीवर आहे. त्यात खलनायक आहे, काकू आहेत आणि काकांचा उलथनं धरलेला हात आहे. बाकीचे काका चौकटीत मावले नाहीत.

तेव्हापासून लोकांनी जळका कांदा डोक्यावर घेतला. काकांचा बर्गर पाटीवर आधी खाली सरकला, मग जागा नाही म्हणून पुसला गेला.

काकू मात्र बदलल्या. लग्न होऊन आल्यापासून सासूने त्यांच्या हाताला नावं ठेवली होती. हिला साधा चहा जमत नाही, हे घरीदारी सगळ्यांना तोंडपाठ होतं. आता लांबून माणसं त्यांच्या हातचा म्हणून बर्गर खायला येत. रोज सकाळी त्या फोटोची काच पुसायच्या आणि पुसताना एकदा म्हणायच्याच, "सासूबाई हव्या होत्या बघायला."

पुढे काकूंचे गुडघे बोलायला लागले, त्या गल्ल्यावर बसल्या आणि तवा कायमचा काकांकडे आला. अलीकडे काकांना खोकला सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, धूर बंद करा. काकांनी धीर करून विषय काढला.

"अगं, हा जळका बंद करू या. माझा साधा परत सुरू करतो. मला आता नाही होत."

"ज्यांनी नावाजला त्यांनी येऊन सांगावं," काकू म्हणाल्या. "त्यांच्या तोंडून ऐकलं, की मी स्वतः पाटी पुसते."

म्हणजे झालंच, काकांना वाटलं.

पण तो आला. एका रिकाम्या दुपारी, काकू वरच्या खोलीत पडल्या असताना, टोपी घातलेला एक म्हातारा काठी टेकत आत आला. पाटी वाचून त्याने तोंड वाकडं केलं. "हा जळका सोडून काहीही द्या."

काकांनी त्याला आपला बर्गर करून दिला. कितीतरी दिवसांनी कांदा वेळेवर उतरवला. म्हाताऱ्याने तो शेवटच्या घासापर्यंत संपवला आणि बोटं चाटून म्हणाला, "हा पाटीवर का नाही?"

आवाज ओळखीचा होता. काकांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "तुमच्यामुळे."

म्हाताऱ्याने फोटो निरखला. "अरे देवा! अजून तेच विकता? अहो, त्या बाईंचा चेहरा बघितला होतात का? जळलंय हे त्यांना कळलं होतं, डोळे भरून आले होते. मी सकाळपासून सेटवर बायकांना रडवत होतो. म्हटलं, इथे तरी नको. दुसरा मागवला तो त्यांना खरं वाटावं म्हणून. दोन दिवस पोट धरून होतो."

काकांना आधी राग आला, मग हसू आलं आणि मग इतकं हलकं वाटलं की त्यांनी गल्ल्याचा आधार घेतला. "एवढंच तिच्यासमोर सांगाल?"

"सांगतो की."

काकांनी जिन्यापाशी जाऊन हाक मारली, कोण आलंय ते सांगितलं. वर धावपळ झाली, कपाट उघडल्याचा आवाज आला. "त्यांना उठू देऊ नका हं!" काकू वरून ओरडल्या. "आणि तव्याला हात लावू नका. तुमच्याकडून मेला नीट जळतच नाही!"

गुडघे विसरून त्या खाली आल्या. चांगले कपडे घातले होते, केस बसवले होते. त्यांनी स्वतः कांदा जाळला. बशीची कड पुसून ती पुढे ठेवली.

"तुम्हीच सांगा आता," त्या म्हणाल्या. "हे म्हणतात, बंद करू या."

म्हाताऱ्याने काकांकडे बघितलं. बोलायची वेळ हीच होती आणि काकांना ते ठाऊक होतं. ते बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी अगदी हळूच मान हलवली, नको म्हणून.

"बंद?" म्हातारा घास घेत म्हणाला. "वहिनी, मी तर आणखी एक मागणार होतो."

काकूंनी डोळे पुसले. काका तव्याकडे वळले आणि मूठभर कांदा टाकला. तो गुलाबी झाला, मग सोनेरी झाला. त्यांचा हात उलथन्याकडे गेला. तो त्यांनी आवरून धरला.