गेटपाशी वाढलेली चिली

"पळी उभी राहतेय का बघा," असं म्हणत पातेल्यात त्या पळी सोडून द्यायच्या. पळी कलली की अजून पातळ, गॅस पुन्हा चालू. राजमा, काळा घेवडा, अख्खा मसूर, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि भरपूर जिरं. परदेशात शिकणाऱ्या लेकीने फोनवर शिकवलेली ही चिली, तिकडची घट्ट उसळच म्हणा. पण भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण घालून त्यांनी ती पार कर्वेनगरची करून टाकली होती.

त्या म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई. आता लेकीकडे गेल्या, फ्लॅटला कुलूप आहे. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्या आमच्या सोसायटीत आल्या होत्या. गृहप्रवेशाला भंतेजी आले, बुद्धवंदना झाली, आणि त्याच संध्याकाळी जिन्यात कुजबुज सुरू झाली. तुम्ही सोसायटीत राहत असाल तर ही कुजबुज तुम्हालाही ठाऊक असेल. तोंडावर मात्र सगळे गोड. पुण्याची माणसं आपण, अपमानसुद्धा अहो-जाहो करून करतो.

दर रविवारी त्या शेजारीपाजारी चिलीचे डबे द्यायच्या. देताना म्हणायच्या, "शुद्ध शाकाहारी आहे हं. तूपसुद्धा नाही."

मला राग यायचा. "अहो, कशाला सांगता सारखं? कोणी विचारलंय का?"

"विचारत नाहीत, म्हणूनच सांगते," त्या हसून म्हणायच्या.

डबे घासूनपुसून परत यायचे, कधी आत दोन बर्फ्या. चेअरमनची बायको तर कौतुक करताना थांबायची नाही. "माणसं चांगली आहेत हो इथली," बाई मला सांगायच्या. खूश असायच्या.

एकदा आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो, तर वॉचमनमामा उठून उभे राहिले. "मॅडम, तुमची चिली लई भारी असते बघा! समद्यांचे डबे मलाच येतात. आमचं अख्खं घर जेवतं."

बाई जागच्या जागी थांबल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामांनी खाल्ली त्याचं काही नाही, पोटभर खावी! पण यांच्या हातचं चालत नाही म्हणून डबा खाली पाठवायचा, आणि वर तोंड भरून कौतुक? मेल्यांनो, मसुराला जात असते का?

"थांबा, आत्ता जाऊन विचारते एकेकीला," मी म्हटलं.

"नको. मीच विचारीन."

पुढच्या रविवारी गेटपाशी टेबल लागलं, खुर्च्या आल्या, मोठं पातेलं आलं. सोसायटीच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज: "चिली केली आहे. आज डबे येणार नाहीत. खाली बसून खायची." मामा, त्यांची बायको आणि मी बसलो. बाकीचे मान खाली घालून गाड्या काढत होते.

चेअरमनची बायको मात्र नेमकी सापडली. "अय्या, काय घमघमाट! माझा डबा द्या ना, घरी निवांत खाते."

बाईंनी बाऊल भरून समोर ठेवला. "डबा नाही. बसा."

"अहो, आज माझा उपास आहे."

"असं? मग मागचे सगळे रविवारही उपासच होते म्हणायचे."

ती लालबुंद झाली आणि तरातरा लिफ्टकडे गेली. बरी जिरवली! मी टाळीच वाजवणार होते.

बाईंनी तिच्यासाठी भरलेला बाऊल स्वतःकडे ओढला आणि खायला लागल्या. निम्मा झाल्यावर थांबल्या. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "ताई, खरं सांगा. चवीला काही कमी पडत होतं का हो?"