दोन्ही सह्या सकाळीच

साखर कारखान्यात नोकरी करते, पण गव्हाणीची मला भीती वाटते, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. गव्हाणीत उसाच्या मोळ्या पडतात आणि पट्ट्यावरून कटरच्या पात्यांकडे सरकत जातात. ती बंद असली तरी तिच्याजवळून जाताना माझे पाय आपोआप भिंतीकडे वळतात. आणि त्या पात्यांखाली शिरणाऱ्या फिटरांना मोबाईलवरचं नवं सॉफ्टवेअर शिकवायला नेमलं कुणाला, तर मला! म्हणे, नगरहून कुणी आणण्यापेक्षा आपल्या शेवगावच्या ताई बऱ्या, त्यांना या लोकांची भाषा कळते.

शिकवायचं एवढंच होतं. उतरण्याआधी 'काम चालू' दाबायचं, म्हणजे ऑफिसच्या आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर ते मशीन लाल होतं आणि कुणी सुरू करत नाही. बाहेर आलं की 'काम पूर्ण'. मग हिरवं.

फिटरांत सगळ्यांत वयस्कर होते त्यांना आम्ही काका म्हणायचो. मिलच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्यांना जवळजवळ ऐकूच यायचं नाही. मी ओरडून शिकवायची, ते ओरडून विचारायचे. त्यांची एक जुनी रीत होती. मशीनमध्ये शिरण्याआधी ते पॅनेलमधला फ्यूज काढून खिशात टाकायचे. फ्यूज खिशात असला की कुणाच्या बापाला मोटर सुरू करता येत नाही. पण काका चहाला गेले की फ्यूजही चहाला जायचा आणि गाळप अडून बसायचं. मला वरून तंबी आली, ही पद्धत बंद करा.

मी बंद केली. कशी, तर सगळ्यांसमोर खेकसून. "काका, मोबाईल काय शोभेला दिलाय? पुन्हा खिशात फ्यूज दिसला तर माझ्याशी गाठ आहे!" ते खाली मान घालून "बरं ताई" म्हणाले. माझं हे असंच, आधी तोंड सुटतं आणि अक्कल मागाहून येते.

चारेक दिवसांनी दुपारी पात्यांत तार अडकली आणि गव्हाण थांबली. फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग वाढत होती. काका एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात जेवणाचा डबा घेऊन निघाले होते. मी बोटाने खिसा दाखवला. त्यांनी तो उलटा करून दाखवला. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, बस्स.

"शाब्बास काका!" म्हणून मी ऑफिसात आले आणि पडदा बघितला. कटर हिरवा.

आत्ता तर माणूस खाली उतरला, मग हिरवा कसा? आणि एकदम लक्षात आलं. जुन्या रजिस्टरवर काम सुरू केल्याची आणि संपल्याची, दोन्ही सह्या सकाळीच ठोकायची या सगळ्यांची सवय. नंतर कोण रजिस्टर शोधत बसणार! मला ती सवय ठाऊक होती, पण शिकवताना आठवली नाही. काकांनी मोबाईलवरही तेच केलं होतं. 'चालू' दाबलं, लगेच 'पूर्ण' दाबलं आणि पात्यांखाली गेले. आणि फ्यूज माझ्या शब्दाखातर पॅनेलमध्येच.

कंट्रोल रूमचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. मी धावत सुटले. जिन्यात असतानाच मशीन सुरू होण्याआधीचा भोंगा झाला. सगळ्या कारखान्याला ऐकू गेला असेल, काकांना नाही. देवा, देवा, एवढंच तोंडात होतं. दारातून ऑपरेटरची पाठ दिसली. मी 'थांब' म्हणायच्या आतच त्याने बटण दाबलं.

काही झालं नाही.

त्याने पुन्हा दाबलं. "च्यायला, हिला काय झालं आता?"

"हात लावू नकोस, काका खाली आहेत!" मी ओरडले. मग गव्हाणीकडे धावले. काका तार हातात घेऊन वर येत होते, अंगाला भुसा चिकटलेला.

"फ्यूज कुठंय?" मी किंचाळले.

त्यांचा चेहरा पडला. काठावर ठेवलेला डबा त्यांनी उघडला. भाकरीखाली, फडक्यात गुंडाळलेला फ्यूज.

"रागावू नका ताई. लई वर्साची सवय, जात न्हाई. खिशात तुमाला दिसंल, म्हनून हितं ठिवला."

वर काय झालं ते त्यांना माहीतच नव्हतं. ते मला भ्याले होते. माझी लाज मलाच सहन होईना. तोवर बाकीचे फिटर गोळा झाले होते. फ्यूजला ठेच्याचं तेल लागलं होतं. मी तो ओढणीने पुसला आणि काकांच्या खिशात घातला.

"काका," सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने मी ओरडले, "पुन्हा खिशात फ्यूज दिसला नाही, तर माझ्याशी गाठ आहे."