खाली उतरण्याचा विषय

आमची वहिनी विद्यापीठाच्या एरोस्पेस विभागात शिकवते. विमान चालवतेस का, असं कुणी विचारलं की म्हणते, "नाही हो, मी उतरवते." तिचा विषयच तसा, पॅराशूट. विद्यार्थी तिला पाठीमागे छत्रीबाई म्हणतात आणि मी तोंडावर.

तिथे ठरलेल्या अभ्यासक्रमाशिवाय काही विशेष विषय असतात. शिक्षकाने विषय मांडायचा, मुलांनी पहिल्या तासाला येऊन बघायचं, आवडलं तर नाव द्यायचं. पुरेशी मुलं आली नाहीत तर विषय बंद. वहिनीचा विषय दोनदा असाच बारगळला होता. रॉकेटच्या तासाला मुलं खिडकीतसुद्धा बसायची आणि हिच्याकडे तीन डोकी, त्यातलं एक वर्ग चुकून आलेलं. यंदा विभागप्रमुखांनी स्वच्छ सांगितलं, "मॅडम, ही शेवटची संधी." मला त्या माणसाचा असा राग आला! पण माझ्या रागाला तिथे विचारतो कोण.

वहिनीने ठरवलं, या वेळी फळ्याला हातच लावायचा नाही. तिने घरी एक छोटं पॅराशूट शिवलं. त्याला अंडं बांधून विभागाच्या जिन्यात वरच्या मजल्यावरून सोडायचं. अंड्यांचा डबा धरायला मी सुट्टी काढून गेलो.

पहिल्या तासाला मुलं जिन्यात जमली. वहिनीने सोडलं. पॅराशूट छान फुललं आणि दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खायला लागलं. कधी या कठड्याकडे, कधी त्या. अंडं थेट विभागप्रमुखांच्या दारावर फुटलं. मुलांची हसून मुरकुंडी वळली. वहिनीचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, संपलं सगळं.

ती धावत खाली गेली, कापड उलटंपालटं केलं आणि थबकली. पॅराशूटच्या मधोमध मुद्दाम एक गोल भोक ठेवलेलं असतं. तिथे आता सुबक ठिगळ होतं, त्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं. आमच्या आईचं काम! सुनेने फाटकं कापड घेऊन चारचौघांत जाऊ नये म्हणून.

वहिनीने मोठा श्वास घेतला आणि ते ठिगळ सगळ्यांना दाखवलं. "माझ्या सासूबाईंनी इथलं भोक बुजवलं. सांगा, काय बिघडलं?"

आता कुणी हसेना. मागची एक मुलगी म्हणाली, "कोंडलेल्या हवेला वाट नाही, मॅडम. मग ती कडेने निसटते. कधी इकडून, कधी तिकडून."

"बघू या." वहिनीने टाके उसवले. दुसरं अंडं शहाण्यासारखं सरळ खाली आलं. मग काय, प्रत्येकालाच सोडून बघायचं होतं. भोक मोठं केलं तर? चौकोनी केलं तर? माझा डबा रिकामा झाला. विभागप्रमुख ओरडायला म्हणून बाहेर आले आणि कठड्याशी बघतच राहिले.

घरी आल्यावर मी आईला चांगलं सुनावणार होतो, पण वहिनीने डोळे वटारले.

आठवड्याअखेर विभागप्रमुखांचा फोन आला. आम्ही जेवत होतो. वहिनी "हो सर, हो सर" म्हणाली, फोन ठेवला आणि रडायलाच लागली. आई घाबरली.

"काय गं, नाही म्हणाले?"

"हो म्हणाले. वर्ग भरला. मोठी खोली देतायत."

"मग रडतेस कशाला?"

"आई, इतकी वर्षं मी या विषयाच्या फक्त पहिल्याच तासाची तयारी करत आले. दुसरा तास मला कधी कुणी घेऊच दिला नव्हता."