दाजी आणि बिनस्टँडची सायकल

मराठवाड्यात सायकलवरून पडलेली माणसं पुष्कळ सापडतील. पण चाळिशी उलटल्यावर, पक्की नोकरी आणि इस्त्रीची पँट असताना, मुद्दाम नवी सायकल आणून पडायला शिकलेला माणूस एकच आहे आणि तो माझ्या बहिणीचा, अक्काचा, नवरा आहे. लातूरच्या ट्यूशन एरियात त्यांना गणिताचे सर म्हणून ओळखत. मी त्यांना दाजी म्हणतो. माझं कॉलेज त्यांच्या घरात राहून झालं. त्यांच्या शेजारी ताट मांडून मी जेवलो आणि त्यांच्याच ओट्यावर बसून खासगी क्लासांच्या विरोधात पत्रकं लिहिली. आमच्या वडिलांचं आयुष्य चळवळीत गेलं. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवरून, त्यामुळे दुसरं काही लिहिता येत नव्हतं. छापायला जाण्याआधी दाजी ती वाचत आणि लाल पेनने खूण करून परत देत. "मेव्हणे, शिव्या जोरात द्या, पण टक्केवारी नीट काढा. तुमच्या हिशोबानं लातुरात माणसांपेक्षा विद्यार्थी जास्त झालेत."

आता ती सायकल कशी, हे सांगितलं पाहिजे. नव्वद सालाच्या आसपास शहरातल्या बऱ्या घरांतल्या पोरांकडे बीएमएक्स नावाची एक सायकल असायची. बुटकी, जाड टायरांची, उंच हँडलची; मधल्या दांड्यावर फोमची गादी गुंडाळलेली आणि पुढे शर्यतीत असते तशी नंबराची पाटी. पोरगं वाढलं की त्याचे गुडघे हँडलला लागायचे आणि सायकल धाकट्याकडे नाहीतर भंगारात जायची. अलीकडे तीच सायकल मोठ्या माणसांच्या मापात निघायला लागली आहे. चाकं मोठी, सांगाडा लांब, नखरा मात्र सगळा जुनाच: तीच गादी, तीच पाटी, तेच भडक रंग. तिला क्रूझर म्हणतात. परदेशात पोट सुटलेले, टक्कल पडलेले बाप्ये ती घेऊन सुट्टीच्या दिवशी घोळक्याने बाहेर पडतात आणि पुढचं चाक हवेत उचलून लांबवर जातात. दाजी मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ बघत आणि अक्काला बोलावून दाखवत. "बघ, हा आजोबा झालाय." अक्का म्हणायची, "मग नातवंडं सांभाळायची सोडून हे काय करायलाय?" माझं मत पहिल्यापासून स्पष्ट होतं. माणसाचं लहानपण त्यालाच दुप्पट भावात परत विकायचा हा बाजाराचा डाव आहे. आजही माझं मत तेच आहे. दाजींना ते लागू पडत नाही, एवढंच मला पुढे कबूल करावं लागलं.

दाजींचं गाव औशाच्या पलीकडे, भूकंपात गेलेल्या गावांपैकी एक. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे दगडमातीची घरं अंगावर आली. दाजींच्या घरातली दोन माणसं जिवंत निघाली नाहीत. हे दाजी सांगत नाहीत. अक्काने एकदा सांगितलं आणि पुन्हा विषय काढायचा नाही म्हणून बजावलं. दाजी सांगतात ते मदतीच्या ट्रकांबद्दल. ब्लँकेटं यायची, भांडी यायची, बिस्किटं यायची आणि गावाला ज्यांचं काय करावं ते कळत नसे अशाही वस्तू यायच्या: गळ्यातले टाय, एकाच पायाचे बूट, पोहायचे कपडे. अशाच एका ट्रकातून लाल रंगाची बीएमएक्स उतरली. जाणत्या मंडळींनी ती उलटीसुलटी करून पाहिली. मडगार्ड नाही, कॅरेज नाही, चेनकव्हर नाही, स्टँड तर नाहीच. "दान दिलं, पर अर्धंच दिलं," असा निकाल झाला आणि अर्धी सायकल नको म्हणून बाकीच्यांनी ती दाजींच्या वडिलांच्या गळ्यात मारली. वडिलांनी ती औशाला नेऊन पुरी करून आणली. मडगार्ड लागले, कॅरेज लागलं, स्टँड लागला, दुधाची किटली अडकवायला हँडलला आकडा वेल्डिंग करून घेतला आणि नंबराच्या पाटीवर ऑइलपेंटने वडिलांचं नाव, गाव, तालुका लिहिला गेला. गाव तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. नव्या गावठाणात घरं उठायची होती, पण सरकारी साहेबांनी आखलेले रुंद, सरळ रस्ते मुरूम टाकून आधीच तयार झाले होते. दोन्ही बाजूंना एकही भिंत नाही, आणि मधून रस्ता. त्या बिनघरांच्या रस्त्यांवर दाजी दिवस दिवस ती किटलीची सायकल पळवत. पुढे शिकायला नांदेडला आले तेव्हा एका वकिलाच्या मुलाकडे त्यांना हुबेहूब तशीच सायकल दिसली. दाजी कळवळून त्याला म्हणाले, "तुझं कॅरेज कुणी चोरलं रे?"

त्यामुळे ही मोठ्या मापाची सायकल बाजारात आली म्हटल्यावर दाजी हैदराबादला जाऊन ती घेऊन आले. लालच. बिदरमार्गे येणाऱ्या बसच्या टपावर बांधून आणली आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर उतरून दोरी तपासली. घरात तिला जागा दिवाणखान्यात, कारण स्टँड नाही आणि भिंतीला टेकवली तर रंग जातो. आलेला पाहुणा चपला काढता काढता विचारायचा, "स्टँड लावून घेत का न्हाईत, सर?" दाजी शांतपणे सांगायचे, "एकदा लावला होता." अक्काने भाजीसाठी पुढे टोपली लावायचा हट्ट धरला, तेव्हा दाजी तिला बाजारात रिक्षाने नेऊ लागले, एरवी ते रिक्षाला हात दाखवणारे नव्हेत. या सायकलीला सीट असतं, पण ते बसायला नसतं. दाजी उभ्यानेच चालवत. औसा रोडवरून उभे राहून ते असे जात, जणू उघड्या जीपमधून निवडून आलेला उमेदवार चाललाय. समोरून येणारी काही माणसं खरोखर नमस्कार करत. उजव्या पायाची पँट मोज्यात खोचलेली. वर्गात गेल्यावर ती बाहेर काढायचं ते विसरत आणि इंटिग्रेशनचा सगळा धडा एक पाय बारीक, एक पाय रुंद अशा अवस्थेत पार पडे. गतिरोधक दिसला की त्यांच्याच्याने उडी मारल्याशिवाय राहवत नसे. लातुरातल्या गतिरोधकांची त्यांनी मनाशी प्रतवारी लावली होती आणि महानगरपालिकेच्या कामाबद्दल त्यांच्याइतकं चांगलं बोलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. डबा पाठीवरच्या पिशवीत असे. वरण सांडून शर्टावर मागे नकाशा उमटे. अक्काने शेवटी डब्यात वरण देणंच बंद केलं आणि कोरडी पिठलं-भाकरी सुरू केली. दाजींनी हा सायकलीचा विजय मानला.

पुढचं चाक उचलायला शिकायला मात्र त्यांना फार दिवस लागले. शिकायची जागा मार्केट यार्ड, वेळ अमावास्येच्या दिवशी सौदे बंद असतात ती. पडलो तर खाली पोत्यांचा भुसा तरी असतो, असं त्यांचं गणित. तिथल्या एका अडतीच्या दारात बसून अप्पा हे सगळं बघत. अप्पा म्हणजे कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, तोंडात सोयाबीनचा भाव आणि अंगाने एका पोत्याला भारी. पहिल्या दिवशी म्हणाले, "सर, हे काय करायलाव? लेकरं शिकवता तुम्ही."

"तेच करायलोय अप्पा. आज मी लेकरू."

"लहानपण परत आणायलाव काय?"

"लहानपण नको बाबा," दाजी उठून ढोपर झटकत म्हणाले. "ती सायकल तेवढी पाहिजे."

अप्पा आतून पाणी घेऊन आले. महिनाभरात अप्पांनी सोनेरी रंगाची तसलीच सायकल मागवली. तिच्यावर ते फक्त बसतात. पण बसतात रुबाबात.

मग रविवारची फेरी सुरू झाली. लातुरातल्या पोरांचा रविवार म्हणजे परीक्षेचा दिवस. कुठून कुठून आलेली ही पोरं, हदगावची, शिरूर अनंतपाळची, लोखंडी कॉटवर झोपतात, खानावळीचं जेवतात आणि रविवारी टेस्ट देऊन संध्याकाळी एकमेकांना मार्क विचारत बसतात. या धंद्यावर मी पत्रकांचे ढीग लिहिले, त्याने कुणाचंही वाकडं झालं नाही. दाजींनी काहीही लिहिलं नाही. टेस्ट सुटली की ते आणि अप्पा यार्डाच्या मागच्या मोकळ्या रस्त्याला निघत, आणि ज्या पोरांकडे सायकल होती ती मागे लागत. नियम एकच होता: मार्क विचारील त्याने घरी जायचं. पोरं जुन्या, खडखडणाऱ्या सायकली घेऊन यायची, चाक उचलायला बघायची, पडायची, हसायची. दाजी पुढे असत. त्यांचं चाक उचललं गेलं आणि टिकलं, की मागून एकच आरडाओरडा होई. मी फुटपाथवरून बघत असे. क्रांती याहून शिस्तशीर असते असं मला शिकवलेलं होतं.

याच सुमारास आमच्या आईची नजर जायला लागली. वडील गेल्यापासून ती नांदेडला एकटी राहत होती. साखरेचा आजार, रोज इंजेक्शन, आणि सिरिंजवरचे आकडे दिसेनात. लातूरला चल म्हटलं तर म्हणाली, "लातूरला प्यायला पाणी नाही. माझ्या दारात गोदावरी आहे. मी कशाला येऊ?" अक्काचा जीव तिकडे लागला. मी नांदेडला जाऊन राहतो म्हणालो, तर अक्का म्हणाली, "तू जाशील आणि मोर्चा निघाला की आईला कुलूप लावून निघशील. गप्प बैस." आणि तेव्हाच दाजींच्या क्लासचे संचालक घरी आले. नांदेडला भाग्यनगरात नवी शाखा निघत होती आणि तिचे प्रमुख म्हणून त्यांना दाजी हवे होते. अक्काने चहात दूध जास्त घातलं, यावरून तिला काय हवंय ते मला समजलं.

"फक्त एक आहे सर," संचालक दिवाणखान्यातल्या सायकलीकडे न बघता म्हणाले. "ही इथंच ठेवा. परवा धर्माबादचे एक पालक मला म्हणाले, ज्या माणसाला स्वतःची सायकल दोन चाकांवर ठेवता येईना, त्याच्या हातात आमचं पोरगं कसं द्यावं?"

"एका चाकावर ठेवणं जास्त अवघड आहे," दाजी म्हणाले.

"ते पालकाला कसं सांगू? तिथं तुम्ही शाखेचा चेहरा. चौकाचौकात तुमचा बोर्ड लागणार. कोट, हाताची घडी. आणि खालून तुम्हीच असे उभ्यानं जायलाव?"

मला राहवलं नाही. मी उठून म्हणालो की माणसाने नोकरीबाहेर काय करावं हे सांगायचा मालकाला अधिकार नाही, आज सायकल काढून घेतील, उद्या... अक्का म्हणाली, "जा, दळण आण." दळण कालच आणलं होतं. तरी मी गेलो.

परत आलो तोवर संचालक गेले होते आणि दाजी सायकलीच्या दांड्यावरची गादी सोडून तिच्यातली धूळ झटकत होते. मी म्हणालो, "दाजी, नकार द्या. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"हाव, आहे."

"मग?"

"तुमच्या आईला सुई दिसत नाही, मेव्हणे. तो पण प्रश्नच आहे."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "मी जा म्हणाले नाही हं."

"तू म्हणाली नाहीस म्हणूनच चाललोय," दाजी म्हणाले.

सायकल अप्पांच्या गोदामात गेली. अप्पा म्हणाले, "रोज पुसून ठेवतो," तर दाजी त्यांच्यावर पहिल्यांदाच चिडले. "पुसू नका, चालवा." रविवारची फेरी अप्पांनी काही दिवस ओढली. पण अप्पांमागून आरडाओरडा करत कोण जाणार? पोरांची परीक्षा जवळ आली आणि ती बंद पडली.

नांदेडची शाखा चांगली चालली आहे. आईला वेळेवर इंजेक्शन मिळतं. ते दाजीच देतात, कारण अक्काला सुई टोचवत नाही. दाजींनी गाडी घेतली आहे आणि गतिरोधकावर ती इतकी हळू करतात की मागचे हॉर्न वाजवतात. आई विचारते, "जावई गाडी चालवायलेत का ढकलायलेत?" मी आता चार-दोन महिन्यांनी तिकडे जातो. मागच्या खेपेला संध्याकाळी आम्ही गाडीतून नदीकडे निघालो होतो. अक्का पुढे, मी मागे. घाटाअलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर पोरांचा एक घोळका मोठ्या मापाच्या त्याच सायकली घेऊन आला होता. आता नांदेडलाही त्या सर्रास मिळतात. एक पोरगा पुन्हा पुन्हा चाक उचलत होता आणि मागे उताणा पडत होता. दाजींनी गाडी थांबवली, काच खाली केली.

"मागच्या ब्रेकवर बोट ठेव रे. मागं जातोय वाटलं की जरासा दाब, पुढचं चाक खाली येतं."

पोराने करून पाहिलं. थोडं जमलं. "थँक्यू अंकल!" तो ओरडला. दाजींनी काच वर केली, पण गाडी सुरू केली नाही.

अक्का दार उघडून खाली उतरली. साडी सावरत त्या पोराकडे गेली आणि म्हणाली, "बाळा, यांना एक चक्कर दे बरं."

"अगं, कुणीतरी बघेल," दाजी म्हणाले. अक्का सायकलचं हँडल धरून उभी राहिली. दाजी उतरले. खाली बसून त्यांनी उजव्या पायाची पँट मोज्यात खोचली, सावकाश, सुरकुती न पाडता. सायकलवर पाय टाकला आणि उभे राहिले. पोरं मोबाइल काढून तयार झाली. पाठ तशीच सरळ होती, उघड्या जीपमधल्यासारखी. ते घाटाच्या वळणापर्यंत गेले, तिथून वळले, परत येताना वेग वाढला, आणि मी गाडीच्या बाहेर येऊन उभा राहिलो. त्यांचे खांदे मागे गेल्यासारखे वाटले. रस्त्याने क्लास सुटलेली मुलं घरी चालली होती. त्यांतल्या दोघी थबकल्या आणि "गुड इव्हनिंग सर" म्हणाल्या. दाजींनी मान हलवली.

चाक जमिनीवरच राहिलं. पोराला सायकल देताना ते म्हणाले, "पुढच्या टायरात हवा कमी आहे, बघ," आणि गाडीत येऊन बसले. पोराने वाकून तो टणक टायर दाबून पाहिला आणि तो आमच्याकडे बघत राहिला. अक्काने तिच्या बाजूची काच खाली केली. नदीवरून वारा येत होता. मग अक्का म्हणाली, "पुढच्या रविवारी परत येऊ." दाजी "बघू" म्हणाले. त्यांची पँट अजून मोज्यातच होती आणि आम्ही दोघांनीही त्यांना ते सांगितलं नाही.