आमच्या दारावरचा पाला

आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना एका रविवारी सकाळी देवीची लस टोचली गेली, आणि त्याचं श्रेय संपूर्णपणे माझं आहे. राहिली ती फक्त माझी मुलगी.

मी तेव्हा नागपुरात, महालातल्या एका गल्लीत राहत होतो आणि मध्यप्रांत सरकारच्या एका कचेरीत कारकून होतो. इंग्रजी येत होतं, त्यामुळे कुठल्याही विषयावर बोलायला मला तयारी लागत नसे. लसीवर तर मी अधिकारवाणीनेच बोलायचो! टोचणारे बाबू दर हिवाळ्यात सायकलवरून यायचे, गल्लीच्या तोंडाशी मारुतीच्या ओट्यावर बसायचे आणि फुकट टोचायचे. ते दिसले की आया पोरांना धान्याच्या कणगीमागे दडवायच्या. मग मी दारोदार व्याख्यान देत हिंडायचो. शेजारच्या मैनाकाकू ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "टोचलं का माता कोपते गा. अन् तुह्या पोरीले टोचलं का?"

इथे व्याख्यान संपायचं.

कारण माझी सुमन आठ महिन्यांची झाली तरी तिला टोचलेलं नव्हतं. माझा लसीला विरोध नव्हता हो, उलट अभ्यास चालला होता! ओट्यावरची लस ताजी असते की शिळी, कडाक्याच्या थंडीत टोचावं की जरा ऊन तापल्यावर, यावर मी कचेरीतून कागद आणून वाचत होतो. माझी बायको यमुना कुहीकडची, भातशेतीच्या मुलखातली. तिला वाचता येत नव्हतं.

"तुम्ही काहून टाळून राहिले?" ती विचारायची. "मागच्या गल्लीत दोन घरी माता आली. बाबू चार पावलांवर येऊन बसते, पैसा लागत नाही."

"येत्या रविवारी नक्की," मी म्हणायचो. असे बरेच रविवार गेले.

त्या माघात सासऱ्यांनी कुहीहून तांदळाची दोन पोती पाठवली. तांदळाला कीड लागू नये म्हणून त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात. शनिवारी यमुनेने मला फांद्या आणायला सांगितल्या आणि वर बजावलं, "मागच्या अंगणात पसरा." मी विचार केला (माझा घात नेहमी इथेच होतो) की अंगणात शेजारची शेळी शिरते, त्यापेक्षा समोरच्या दारावर ऊन किती छान पडतं! मी पाल्याच्या पाच जुड्या बांधल्या, बाहेरून चौकटीवर ओळीने टांगल्या आणि समाधानाने विडा खाल्ला.

दारावर कडुनिंब म्हणजे घरात देवी आली आहे, आत येऊ नका. हे नागपुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलाही होतं. फक्त त्या वेळी आठवलं नाही.

रविवारी सकाळी दूधवाल्याने हाक न मारताच दूध पायरीवर ठेवलं. न्हावी लांबूनच हात जोडून परत गेला. मला वाटलं, चला, लोक मला मान द्यायला लागले!

यमुनेने मात्र माझा नाद सोडला होता. मी वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेलो असताना ती सुमनला घेऊन मागच्या दाराने मारुतीकडे गेली. थोड्याच वेळात परत आली ती रडतच.

"सारी गल्ली रांगेत उभी हाय! मैनाकाकू तं तिन्ही पोरं घेऊन आल्या. अन् मले पाहून ओरडल्या, 'मातेच्या घरची पोर इकडे कायले आणली वं?' मी सांगून राहिली का पोरगी धडधाकट हाय, तं बाबू म्हणते, 'दारावरचा पाला मले इथून दिसते, बाई. तुम्ही घरी जा.'"

मी दार उघडून वर पाहिलं. तीन वर्षं व्याख्यानं देऊन मी एक पोर ओट्यापर्यंत नेऊ शकलो नव्हतो, आणि पाच जुड्यांनी सगळी गल्ली नेली! मी उडी मारून पाला ओरबाडून काढला.

ही दुसरी चूक. देवीचा पाला देवी उतरल्यावर, तिची पूजा करून, सावकाश काढतात. काल लावलेला पाला आज घाईघाईने निघाला, याचा अर्थ लोकांनी एकच काढला. ओट्यावरची रांग संपताच मैनाकाकू पदर तोंडाला लावून दारात हजर, मागे आठ-दहा बायका.

"गेली काय वं आपली सुमन!"

तो हंबरडा ऐकून आतून सुमनने आपला फोडला. काकू थबकल्या. "अवं, हे तं जित्ती हाय!" मग त्यांनी बाकी सगळं विसरून पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि खरोखर रडल्या. ते रडणं पाहून मी पहिल्यांदा घाबरलो. माझे कागद वाचून होईपर्यंत देवी थांबणार नव्हती.

ओट्याकडे धावलो, तर बाबू हुडकेश्वरला निघून गेले होते. हुडकेश्वर तेव्हा शेतांमधलं खेडं. टांगा केला. वाटेत यमुना एकदाच बोलली.

"माह्या भावाले माता आली तवा तो सुमनएवढाच होता. आमच्या गावात टोचणारा आलताच नाही. इथं तं घराजवळ येते."

तिचा भाऊ मी कधी पाहिलेला नव्हता.

बाबू पिंपळाखाली बसले होते. मी तांदूळ, शेळी आणि ऊन असा सगळा खुलासा केला. त्यांनी तो पूर्ण होऊ दिला नाही. सुमनचं अंग नीट पाहिलं, कपाळाला हात लावला आणि दोन्ही दंडांवर टोचलं. ती किंचाळली. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते; ती शांत झाल्यावरही बराच वेळ मिटलेले होते.

मग बाबूंनी वही उघडली. नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं.

"आठ महिने? इतका उशीर काहून? कारण लिहा लागते."

मी घसा खाकरला. माझ्याकडे किमान चार कारणं होती, चारही इंग्रजीत.

यमुना सुमनचं झबलं नीट करत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा, बाप शिकलेला हाय."

बाबूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तसंच लिहिलं.