काठीला लागलेला हात

धक्क्यावर कुणालाही विचारा, कप्तान किती सच्चा माणूस आहे हे तो तुमचा चहा थंड होईपर्यंत सांगत बसेल. फक्त त्याच्या घरी विचारू नका. तिथे चहा मिळेल, उत्तर मिळणार नाही.

हौशी लोकांना खोल समुद्रात मासेमारीला न्यायचं, हा कप्तानाचा तीस वर्षांचा धंदा. मासा म्हणजे मार्लिन. धक्क्यावर त्याला भाल्या म्हणतात, कारण त्याचा वरचा जबडा हातभर पुढे आलेला असतो, आणि वजन म्हणाल तर तीन-चार माणसांचं. बोटीच्या मागच्या टोकाला एक फिरती खुर्ची पक्की बसवलेली असते. गिऱ्हाईक तिच्यात बसतं, कमरेला पट्टे बांधतं, काठीचा बुंधा समोरच्या खोबणीत रोवतं आणि दोन-दोन तास माशाशी झुंजतं. झुंजतं म्हणजे, तसं घरी जाऊन सांगतं. निम्मी झुंज कप्तानच सुकाणूवरून खेळायचा. मासा लांब पळाला की बोट उलटी घ्यायची, त्याने बुडी मारली की बाजूला काढून दोरीचा कोन बदलायचा. खुर्चीतल्या माणसाला वाटायचं, आपल्या दंडात काय जोर आहे!

पण खेळ त्याला मनापासून कळत होता, हे मान्य करायलाच हवं. शिकवायला लागला की ऐकत राहावं. "ओढायचं नाही. काठी हळूहळू वर घ्यायची, आणि खाली सोडताना रीळ गुंडाळायचं. जोर पायांचा आणि पाठीचा, हातांचा नाही. त्याने उडी मारली की काठी झुकवून दोरी ढिली द्यायची, नाहीतर तुटलीच म्हणून समजा. आणि तुम्ही विसावलात की तोही विसावतो, मग पुन्हा पहिल्यापासून." जाड दोरी लावून मासा खेचून आणणाऱ्यांना त्याच्याकडे किंमत नव्हती. नावासाठी अगदी बारीक दोरी लावून पाच-पाच तास माशाचा जीव काढणाऱ्यांना तर त्याहून नव्हती.

या खेळाचा सगळ्यात मोठा नियम एकच. मासा गळाला लागला की काठीला, रिळाला, दोरीला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. मागे उभं राहून खुर्ची फिरवून दिलेली चालते, अगदी शेवटी दोरीच्या टोकाची तार खलाशाने धरलेली चालते. काठीला दुसऱ्याचं बोट लागलं की मासा बाद, मासेमारी क्लबाच्या मानाच्या फळ्यावर चढत नाही. म्हणून वजनकाट्यापाशी 'दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही' असा एक फॉर्म भरतात. त्यावर मासा धरणाऱ्याची सही आणि कप्तानाची सही.

असे फॉर्म कप्तानाने ढिगाने सह्या करून दिले होते. त्यातल्या कितीतरी काठ्यांना खलाशाचा हात लागलेला त्याने बघितला होता. बघितला होता म्हणजे, हात लागायच्या वेळेला तो दुसरीकडे बघायचा. बघायला समुद्र भरपूर असतो. "गिऱ्हाइकाचं मन कशाला मोडायचं?" तो बायकोला म्हणायचा. "हौसेने आलाय, हौसेने जाऊ दे."

त्याला एकच मुलगी. शाळा संपली तशी ती बापाच्या बोटीवर खलाशी म्हणून उभी राहिली आणि दहा वर्षांत सगळं काम शिकली. मासा जवळ आला की दोरीच्या टोकाची तार हाताला गुंडाळून त्याला बोटीला भिडवायचा, हे काम भल्याभल्यांना घाम फोडतं. ती ते बोलता बोलता करायची. तिला स्वतःची बोट चालवायची होती. क्लबाची एक जुनी बोट रिकामीच उभी होती, तिच्यासाठी तिने दोनदा अर्ज केला. सेक्रेटरी हसला. "अगं, तुझ्या बोटीत बसणार कोण? फळ्यावर नाव असतं तर गोष्ट वेगळी." त्याने गमतीत म्हटलं असेल. पोरीने गंमत तिथेच सोडली आणि शब्द तेवढे घरी आणले.

मग दोन वर्षं, बोट रिकामी असेल त्या दिवशी, खुर्चीत ती. सुकाणूवर इंजिनवाला, खुर्चीमागे बाप. लहानसहान मासे मिळाले, दोन मोठे तुटले. तिसऱ्या वर्षी एके सकाळी जो लागला, तो पहिल्या उडीतच इंजिनवाल्याला ओरडायला लावून गेला.

दोन तास पोर सुरेख खेळली. कप्तान खुर्ची फिरवत होता आणि त्याला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिसऱ्या तासाला मासा एकाएकी बोटीखाली घुसला. काठी वाकून कठड्यावर आदळायला आली आणि पट्ट्यांसकट पोर खुर्चीतून वर उचलली गेली. कप्तानाचा हात पुढे गेला आणि तिच्या हाताच्या वर काठीला घट्ट बसला. एक, दोन म्हणायला लागेल तेवढाच वेळ. पोर खाली बसली, हात सुटला. इंजिनवाल्याचं लक्ष पाण्याकडे होतं. पोरीने एकदा मागे वळून बापाकडे बघितलं आणि रीळ गुंडाळायला लागली.

कुठल्याही बापाने हेच केलं असतं. त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही.

मासा आला. परतीला अडीच तास लागले, आणि त्या अडीच तासांत कप्तान भरपूर बोलला. मासा केवढा, वारा कसा, तिची पाठ शेकायला हवी. हाताचं तेवढं बोलला नाही. पोरही बोलली नाही. तिला वाटलं, बापाने ते पोटात घातलं.

वजनकाट्यापाशी चाळीसएक माणसं जमली. नऊ वर्षांत एवढा मासा कुणी आणला नव्हता. कप्तानाची बायको हातातलं काम टाकून धावत आली होती. सेक्रेटरीने फॉर्म पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बापच कप्तान! मग काय, सही घरचीच!" लोक हसले. पोरीने सही केली आणि पेन बापाच्या हातात दिलं. कप्तानाने ते फॉर्मवर आडवं ठेवलं.

"काठीला माझा हात लागला होता," तो म्हणाला.

खरं ते खरंच, त्याला कोण नाही म्हणेल? पण तेच खरं बोटीवर सांगता आलं असतं. पोरीने फॉर्मला हातसुद्धा लावला नसता, रडून मोकळी झाली असती. यांनी तिला सही करू दिली आणि मग तोंड उघडलं. एका वाक्यात बाप सच्चा ठरला आणि लेक खोटारडी. चाळीस माणसांसमोर.

लोकांनी त्याची पाठ थोपटली. सेक्रेटरीने तर मिठी मारली. "अशी माणसं राहिली नाहीत हो!" घरी गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "अहो, बोटीवर काय तोंड शिवलं होतं?"

"तिथे सुचलं नाही," कप्तान म्हणाला. खरंच सुचलं नसेल. काही गोष्टी माणसाला गर्दी असली की सुचतात.

जुनी बोट दुसऱ्याला मिळाली. कप्तानाची बोट मात्र हंगामभर एक दिवस रिकामी राहीना. पोटच्या पोरीची गय न करणारा कप्तान म्हणून लोक लांबून यायला लागले. आणि पोर? खोटी सही करणारी म्हणून तिला दुसऱ्या कुणी बोटीवर घेईना, तेव्हा ती बापाच्याच बोटीवर राहिली. कामापुरतं बोलायची. "तार आली." "उलटी घ्या." बाबा म्हणायचं तिने सोडून दिलं.

पुढच्या हंगामात एक दंतवैद्य सहा मित्रांना घेऊन आला. गोड माणूस, हात लोण्यासारखे. त्याच्या गळाला चांगला मासा लागला, पोरीच्या माशापेक्षा बराच लहान, पण फळ्यावर चढण्याजोगा. तासाभरात दंतवैद्याच्या बोटांतला जीव गेला. त्या दिवशी सुकाणूवर कप्तान स्वतः होता, तोंड मागे करून, दोरीकडे बघत. पोर खुर्चीशेजारी आली आणि तिने काठीला दोन्ही हात लावले. चोरून नाही. मान वर करून, बापाच्या डोळ्यांत बघत.

"अगं, हे चालतं ना?" दंतवैद्याने धापा टाकत विचारलं.

"कप्तानांना विचारा," ती म्हणाली.

दंतवैद्याने वर बघितलं. कप्तान डावीकडच्या लाटा बघत होता. मासा बोटीला लागेपर्यंत तासभर पोरीचे हात काठीवर होते, आणि तासभर तो डावीकडे बघत होता.

वजनकाट्यापाशी सेक्रेटरीने फॉर्म वाचलासुद्धा नाही. "कप्तानाच्या बोटीचा मासा, विचारायचं काय त्यात!" दंतवैद्याने सही केली. पोर समोरच उभी होती, हात मागे बांधून. कप्तानाने पेन घेतलं, एकदा तिच्याकडे बघितलं आणि सही केली.

नंतर ती डेक धूत असताना तो खाली बोटीवर आला. "काठीवर हात तुझा होता," तो म्हणाला. "मी बोललो असतो तर लोकांत पुन्हा तुझंच नाव खराब झालं असतं. म्हणून केली सही."

पोरीने पाणी बंद केलं.

"मागच्या वेळी कुणाचं नाव होतं, बाबा?"

या वेळी आजूबाजूला गर्दी नव्हती. तिने पाइप गुंडाळून जागेवर ठेवला, आपली पिशवी उचलली आणि धक्क्यावर चढून फाटकाकडे चालायला लागली. वरून दंतवैद्याचे मित्र कप्तानाला हाका मारत होते. माशाशेजारी त्यांना फोटो काढायचा होता, आणि कप्तानाशिवाय फोटोला मजा नाही म्हणत होते. कप्तान ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला, आणि मग फोटोला गेला.